मध्ये तोंड घालणारी मुलगी

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या फाटकावर ‘येथे स्पॅनिश शिकवले जाते’ अशी पाटी लावली, तेव्हा चौकशीला आलेला पहिला माणूस गिटार घेऊन आला होता. तोवर नाशिकमध्ये स्पॅनिश म्हटलं की लोकांना गिटारच आठवायची. मी म्हटलं, मी भाषा शिकवते. तो बिचारा इतका हिरमुसला की मी त्याला बसवून चहा दिला, आणि जाण्याआधी त्याने माझ्या सासूबाईंना दोन गाणी वाजवून दाखवली. सासूबाईंचं मत पडलं की मीच त्याच्याकडे गिटार शिकावी, घरात ऐकायला तरी काही होईल.

पुण्यात शिकलेली ही भाषा लग्नानंतर नाशिकला आणली, तेव्हा ती इथे कोणाच्या उपयोगी पडेल याची मलाही शंकाच होती. पण अंबडच्या कारखान्यांत परदेशी यंत्रं येऊ लागली, दिंडोरीकडची द्राक्षं बाहेर जाऊ लागली, आणि आमचा पुढचा हॉल भरायला लागला. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार तर केवळ नातवासाठी यायचे. त्यांची मुलगी माद्रिदला दिलेली. नातवाला मराठी येईना, म्हणून आजोबांनीच पोराची भाषा शिकायचं ठरवलं. क्रियापदांची रूपं ते ताठ उभे राहून, परेडला म्हणावीत तशी म्हणायचे. कॉलेजची पोरं गालातल्या गालात हसायची, आणि परीक्षेत सुभेदारांच्या मागे राहायची. यंदाच्या उन्हाळ्यात मी वर्ग बंद केला, तेव्हा त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला होता.

शिकवण्याइतकंच माझं दुसरं काम होतं ते मुलांना तिकडे पाठवण्याचं. भाषा वाचायला आणि लिहायला नाशिकमध्ये बसूनही येते. बोलायला मात्र तिकडे जाऊन राहावं लागतं. म्हणून ज्यांना खरोखर गरज आहे अशांना मी दोन-तीन महिन्यांसाठी स्पेनला पाठवायची. सकाळी तिथल्या भाषाशाळेत शिकायचं आणि राहायचं एखाद्या स्पॅनिश कुटुंबात. मी मोठी शहरं टाळायची. तिथे इंग्रजीवर निभावतं, आणि निभावलं की आमची मुलं तिथेच थांबतात. वायादोलिद नावाचं एक मध्यम शहर मला आवडायचं. तिथली बोली स्वच्छ, माणसं बोलकी, आणि इंग्रजी बेताचं.

पाठवताना मी एक अट घालायची: आपल्या माणसांत राहायचं नाही. तुम्हाला ही अट साधी वाटेल. पण नाशिकमधलं कोणतंही पोर परदेशी निघालं की आईवडिलांचं पहिलं काम काय असतं, तर तिथे ‘आपलं कोणी’ आहे का ते शोधणं. मावशीच्या नणंदेचा दीर चालतो. शेजाऱ्याच्या साडूचा भाचा चालतो. तो त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी चालतो. पंचवटीतल्या एका गुरुजींच्या मुलाला मी मोठ्या प्रयत्नाने एका स्पॅनिश घरात ठेवलं होतं. त्याने आठवड्याभरात चार मराठी मुलं शोधून काढली, त्यांच्या खोलीवर बिऱ्हाड हलवलं, आणि परत आला तो उत्तम खिचडी शिकून. स्पॅनिश होतं तेवढंच राहिलं. तेव्हापासून मी ही अट जरा आवाज चढवूनच सांगायची.

आता अश्विनीबद्दल सांगते, कारण खरं तर तिच्याबद्दल सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

अश्विनी दिंडोरीजवळच्या एका गावची. वडील द्राक्षबागायतदार, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. मुलगी बसने नाशिकला यायची, वर्गात शेवटच्या रांगेत बसायची, आणि तिची वही पाहिली की मला धन्य वाटायचं. लेखी परीक्षेत तिच्या पुढे कोणी नाही. पण तोंड उघडायची नाही. विचारलं की डोळे मिटून मनातल्या मनात वाक्य जुळवायची, ते पक्कं झालं की मगच बोलायची, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. आपल्याकडच्या हुशार मुलांचा हा जुना रोग आहे. चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांना कोणी न सांगता कळलेलं असतं.

अंबडच्या एका कारखान्यात स्पेनहून मोठं यंत्र यायचं होतं. ते बसवायला तिकडचे तंत्रज्ञ येणार, म्हणून दुभाषी हवी होती, आणि काम चांगलं झालं तर कायमची नोकरी. मी अश्विनीचं नाव सुचवलं. व्हिडिओवर मुलाखत झाली. पलीकडून दोघं जण बोलत होते, इकडून साहेब बोलत होते, आणि आमची अश्विनी अख्खी मुलाखत मान हलवत बसली. साहेब भले गृहस्थ. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, पोरगी हुशार आहे हे कागदावर दिसतंय. पण मला बोलणारं माणूस हवंय. यंत्र फेब्रुवारीत येतंय. तोवर ती बोलती झाली तर घेतो, नाहीतर मला पुण्याहून कोणीतरी बोलवावं लागेल.”

तिला ती नोकरी फार हवी होती. घरी लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं, आणि ‘पोरगी नोकरीला आहे’ एवढ्या एका गोष्टीवर ते थांबणार होतं. तसं तिने मला कधी सांगितलं नाही. ती काहीच सांगत नसे. पण वायादोलिदचं नाव काढल्यावर तिने वाक्य न जुळवताच ‘जाते’ म्हटलं, त्यावरून मी समजले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती गेली. मी पिलार नावाच्या एका विधवा बाईंकडे तिची सोय केली होती. आठवड्याने व्हिडिओवर बोलणं झालं. अश्विनी स्वयंपाकघरात बसली होती. मी तब्येत विचारली, शाळा विचारली, आणि मग माझं लक्ष तिच्या मागच्या फळीवर गेलं. तिथे पुरणयंत्र होतं.

मी म्हटलं, “अश्विनी, पिलारबाई पुरणपोळ्या करतात का गं?”

ती मागे वळून बघू लागली. मग कॅमेऱ्यात एक हसरी बाई डोकावली आणि म्हणाली, “नमस्कार मॅडम, मी सुरेखा. काळजी करू नका हं, पोरीला आम्ही उपाशी ठेवणार नाही.”

झालं होतं असं की आण्णांना माझ्या नकळत आपलं माणूस सापडलं होतं. सटाण्याच्या त्यांच्या नातलगांचा जावई तिथे कारखान्यात कामाला होता. ही सुरेखा त्याची बायको. आण्णांनी परस्पर फोन करून ठरवलं, पापड-कुरडयांचा डबा पोरीबरोबर दिला, आणि त्या जावयाकरवी पिलारबाईंना ‘नंतर येते’ असं कळवून टाकलं. माझं डोकं असं तापलं की मी दुसऱ्याच दिवशी दिंडोरी गाठली.

छाटणीचे दिवस होते. आण्णा बागेतच होते, हातात कात्री. मला पाहून बांधावर आले, खुर्ची मागवली, चहा मागवला. मी खुर्चीवर न बसता भांडायला सुरुवात केली. म्हटलं, तुम्ही मुलीला परदेशी पाठवलंत की सटाण्याला?

“मॅडम, रागावू नका,” आण्णा म्हणाले. “पोरगी पहिल्यांदा घराबाहेर गेली. तिथं आपलं माणूस हाय. आन् आपलं माणूस असताना परक्या बाईच्या दारात ठेवली, तर ते काय म्हणतील? आमच्यात असं नाय चालत.”

“अहो, तिथे ती सकाळ-संध्याकाळ मराठीच बोलणार. मग नोकरी मिळणार कशी?”

“ते पण खरं हाय.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “पण म्या शब्द देऊन बसलोय. आता काढून घेतली तर लय वाईट दिसंल.”

मी पुष्कळ समजावलं. शेवटी आण्णांनी सगळं पोरीवर सोडलं. तिथूनच फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मला खात्री होती की ती माझ्या बाजूने बोलेल. बराच वेळ पलीकडे काही ऐकू आलं नाही, म्हणजे वाक्य जुळत होतं. मग ती म्हणाली, “आण्णा, मी इथंच राहते. सुरेखाताईला इथं कोणीच नाही. भाऊजी कामावर गेले की दिवसभर एकटी असते. कित्येक वर्षं झाली, तिला इथली भाषा येत नाही. माझ्याशी बोलायला लागली तर थांबतच नाही.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चहा चांगला होता, तो प्यायले आणि परत आले. बसमध्ये बसून मी मनातल्या मनात त्या नोकरीवर पाणी सोडलं, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

पुढचे काही आठवडे तिचे फोन यायचे ते रडवेले. शाळेत सगळ्या देशांची मुलं, शिक्षिका स्पॅनिश, आणि सगळे एकाच वेळी बोलतात. “मॅडम, मला बोलायला वावच मिळत नाही. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू करतो. मी वाट बघते, तोवर तास संपतो.” मी तिला धीर दिला. म्हटलं, थांब, शांतपणे ऐक, संधी मिळेल तेव्हा बोल. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले होते. आपल्याकडे मुलांना पहिलं वळण लावतात ते हेच: मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. मला लहानपणी त्यासाठी चिमटे बसले आहेत, मी माझ्या मुलांना डोळे वटारले आहेत, आणि माझ्या वर्गात एक बोलत असताना दुसरा बोलला की मी टेबलावर डस्टर आपटायची.

मग त्या इमारतीची सभा झाली.

तिकडे प्रत्येक इमारतीतल्या रहिवाशांची सभा असते, आपल्या सोसायटीसारखीच, फक्त ती तळमजल्यावर जिन्याशी उभ्याउभ्या होते. तक्रार सुरेखाविरुद्ध होती. खालच्या मजल्यावर एमिलिओ नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांचं म्हणणं, वरच्या घरातून भल्या पहाटे काहीतरी किंचाळतं आणि मग ठोकाठोक होते. किंचाळायचा तो कुकर आणि ठोकाठोक खलबत्त्याची. सुरेखाचा नवरा पहिल्या पाळीला जायचा, म्हणून ती डबा पहाटे करायची. घरमालकही सभेला आले होते आणि त्यांचा चेहरा काही ठीक नव्हता. घर सोडायला सांगतील अशी सुरेखाला धास्ती. नवरा कामावर. तिने बोलायला अश्विनीला बरोबर नेलं.

पुढचं मला दोघींनी मिळून सांगितलं, एकीचं वाक्य दुसरी तोडत. एमिलिओ बोलत होते, त्यांच्यात तिसऱ्या मजल्यावरची बाई बोलत होती, तिच्यात घरमालक बोलत होते. अश्विनी मनात वाक्य जुळवून तयार उभी. सुरेखाने तिला कोपराने ढोसलं.

“बोल ना गं.”

“त्यांचं होऊ दे की.”

“त्यांचं व्हायचं नाही. माझं घर जाईल तोवर.”

सुरेखाचे डोळे भरून आले होते. आणि अश्विनीने एमिलिओंचं बोलणं तोडलं. अर्ध्या वाक्यात. ती म्हणते, तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. क्रियापदं चुकली, लिंगं चुकली, पण ती थांबली नाही. गावाकडे पाण्याच्या पाळीवरून बायका बांधावर उभ्या राहून बोलतात ना, तशी बोलली. म्हणाली, हा माणूस पहाटे कामाला जातो, त्याला जेवण नको? तुमचा टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालतो तो आम्ही ऐकतो, कधी तक्रार केली का? ही बाई इतकी वर्षं इथे राहते, तुमच्यापैकी कोणी तिच्याशी एकदा तरी बोललं का?

तिला वाटलं, आता काही खरं नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आपण तोडलं. पण एमिलिओ पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्या हौसेने तिच्याशी भांडू लागले. तिचंही वाक्य त्यांनी अर्ध्यात तोडलं. तिने परत त्यांचं तोडलं. कोणीही चिडलं नाही. उलट ते भांडण रंगात आलं, तिसऱ्या मजल्यावरची बाई अश्विनीच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि शेवटी असं ठरलं की खलबत्ता दुपारी वाजेल, तोही खाली जाड फडकं घालून, कुकर आदल्या रात्रीच लावावा, आणि एमिलिओंनी टीव्ही हळू लावावा. घरमालक हसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एमिलिओंनी तिला थांबवलं आणि आपल्या गुडघेदुखीची हकीकत सांगितली. मग रोजच सांगू लागले. इमारतीतल्या बायका सुरेखाशी अश्विनीमार्फत बोलू लागल्या, आणि सुरेखाही दुकानात, दवाखान्यात, नळ दुरुस्त करणाऱ्याशी सगळीकडे तिलाच मध्ये घालू लागली. तिकडे कोणी आपलं बोलणं थांबवून तुम्हाला जागा करून देत नाही. तुम्ही मध्ये शिरलात की ते खूश होतात, याला आपल्यात रस आहे असं समजतात. गप्प बसून ऐकणारा माणूस त्यांना आजारी वाटतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, तिथे राहून पाहिलेलंही होतं. पण माझ्या लाडक्या शिस्तीत ते कधी बसलं नाही, म्हणून कोणाला शिकवलं नव्हतं.

आणि ते पिलारबाईंच्या घरी झालंही नसतं. स्वतःसाठी ती मुलगी कुणाचं वाक्य तोडणाऱ्यातली नव्हती. ते तिने दुसऱ्या बाईसाठी तोडलं. माझ्या अटीवर इतकी वर्षं माझा केवढा विश्वास होता, आणि मोडली ती आण्णांनी, अगदी भलत्याच कारणासाठी. मला अजून थोडा राग येतो, पण हसूच जास्त येतं.

अश्विनी परतली, आणि फेब्रुवारीत यंत्र आलं, बरोबर दोन तंत्रज्ञ आले. पहिल्या बैठकीला साहेबांनी मलाही बोलावलं होतं, अश्विनी अडली तर सावरायला. चहा, बिस्किटं, हारतुरे झाले. साहेबांचं इंग्रजी चांगलं, पाहुण्यांचं कामचलाऊ, त्यामुळे दुभाषीला कोणी विचारेना. पाहुण्यांनी यंत्राखालच्या काँक्रीटच्या पायाबद्दल काही विचारलं. साहेब मान डोलावत, “येस, येस” म्हणत होते आणि लगेच उद्या त्र्यंबकेश्वरला कसं जायचं, मग एखादी द्राक्षबाग कशी दाखवायची, ते रंगवून सांगत होते. पाहुणे आपसात स्पॅनिशमध्ये पुटपुटले. मी ते नीट ऐकलं नाही. साहेबांचं बोलणं ऐकत होते, कारण साहेब बोलत होते.

“साहेब, थांबा,” अश्विनी म्हणाली.

साहेब अर्ध्या वाक्यात होते. माझा हात आपोआप तिच्या ओढणीकडे गेला, गप्प बस म्हणायला. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

“साहेब, त्यांचा समज झालाय की पाया पूर्ण वाळलाय. उद्याच यंत्र वर ठेवायचं म्हणतायत. वाळलाय का?”

“छे, वाळलाय कुठे? परवा तर ओतलाय.”

“मग तुम्ही येस म्हणालात.”

“मी म्हटलं, येस, काम चालू आहे.” साहेब बोलता बोलता थांबले. ओल्या काँक्रीटवर ते धूड ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला इंजिनीअर लागत नाही.

अश्विनी पाहुण्यांकडे वळली आणि भराभर बोलू लागली. त्यांनी तिला तोडलं, तिने त्यांना तोडलं, तिघंही हात हलवत होते, आणि साहेब आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. माझी काही गरजच नव्हती. मला इतका आनंद झाला की समोरचं बिस्किट मी चहात बुडवून विसरून गेले. नोकरीचं पत्र तिला त्याच आठवड्यात मिळालं.

मध्यंतरी आण्णांचा फोन आला. आधी पाऊसपाणी झालं, मग म्हणाले, “मॅडम, तुमी पोरीला काय शिकवलं ओ? आता घरात पण मधीच बोलती.”

मी विचारलं, काय झालं.

“पाहुणे आले होते, स्थळ घेऊन. बैठक बसली. पाहुणे म्हणले, लग्नानंतर नोकरीचं काय ते आम्ही बघू. म्या व्हय म्हणायच्या बेतात व्हतो. तर ही आतून आली आन् मधीच म्हणली, नोकरीचं मी बघीन, तुम्ही बाकीचं बोला.”

चार माणसांत बापाला खाली बघायला लावलं, असं मनात आलं. मी हळूच विचारलं, “मग?”

“मग पाहुणे तिला म्हणाया लागले, पोरी, मोठी माणसं बोलतायत.” आण्णा म्हणाले. “तर म्या त्यांचंच बोलणं मधी तोडलं. म्हणलं, तिचं होऊ द्या आधी.”